वीतभर जास्त

टिल्ली हे नाव तिला शाळेत पडलं आणि घरानं ते उचललं. तिशी उलटली तरी ते सुटलं नाही, आणि तिनंही ते सोडवायचा फारसा खटाटोप केला नाही. बुटबैंगणपेक्षा टिल्ली बरं.

तिचे बाबा स्वतः ठेंगणे. त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं, खाली दुकान आणि वर घर. ताडमाड गिऱ्हाईक आलं की ते खुर्ची पार खाली करायचे आणि तेवढ्यानं भागलं नाही तर म्हणायचे, जरा पुढं सरकून पाय ताणा, झोपल्यासारखे बसा. "तुमच्याकडे केसही कापून होतात आणि डुलकीही," असं एकजण म्हणाला होता. ती गोष्ट बाबा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. स्वतःच्या उंचीवर ते आयुष्यभर हसत आले. मुलीच्या उंचीवर मात्र त्यांना कधी हसता आलं नाही. टिल्लीची आई चांगली उंच होती. ती गेली तेव्हा टिल्ली लहान होती आणि सगळे म्हणत, पोरगी आईवर जाईल. पण पोरगी शाळा संपायच्या आत जिथं थांबली तिथंच राहिली. पुढं एकाशी तिचं जुळत आलं होतं. तो मित्रांच्या चेष्टेला कंटाळून हळूहळू यायचा बंद झाला, तेव्हा बाबा तिच्याशी बरेच दिवस नजर चोरून बोलत होते. जणू त्यांनीच त्याला हाकलून दिलं होतं.

टिल्ली कपडे बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. काम काय म्हणून कोणी विचारलं तर ती शक्यतो "शिवणखात्यात" एवढंच सांगायची, कारण खरं सांगितलं तर लोक तिला वरपासून खालपर्यंत बघत, आणि त्याला त्यांना फार वेळ लागत नसे. ती मॉडेल होती. फोटोतली नव्हे, फिटिंगची. नव्या कपड्याचा पहिला नमुना शिवून झाला की तो अंगात घालून तिनं एका बुटक्या चौथऱ्यावर उभं राहायचं. मग पॅटर्न मास्तर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत. कुठं ओढतंय, कुठं सैल आहे, हात वर कर, बस, वाक. लहान मापाचा प्रत्येक कपडा दुकानात जायच्या आधी तिच्या अंगावरून जायचा.

एवढं असूनही ते कपडे तिला होत नसत, ही त्यातली गंमत. कंपनीची पद्धत जुनी होती. उंच बाईच्या मापाचा कपडा घ्यायचा आणि खालून कापायचा. बुटकी बाई म्हणजे उंच बाई, फक्त खालून कमी, असं सगळ्यांनी धरलेलं. त्यामुळं विजारीचा गुडघा टिल्लीच्या नडगीवर यायचा, कंबर कमरेच्या खाली घसरायची, खांदा दंडावर लोंबायचा आणि खिशात हात घालायचा तर तिला वाकावं लागायचं. ती सांगायची. मास्तर मान डोलवायचे, एखादी टाचणी इकडची तिकडं करायचे आणि म्हणायचे, बाई, मला खालून कापायला सांगितलंय, वरून मी काय करू?

शिवाय प्रत्येक नव्या माणसाला वाटे की लहान मापाची मॉडेल म्हणजे काडीसारखी पोरगी असणार. टिल्ली काही काडी नव्हती. दंड भरलेले, कंबर रुंद. एकदा नवीन आलेल्या बाईनं तिच्यादेखत विचारलं होतं, लहान मापाची मुलगी अजून आली नाही का? आणि नक्षीकाम ठरवणाऱ्यांना तर खात्रीच होती की जिची उंची वाढली नाही तिचं वयही वाढलं नसणार. झालरी, फिती, फुगीर बाह्या. मागच्या हिवाळ्यात त्यांनी तिशी उलटलेल्या बाईच्या छातीवर मांजराचं पिल्लू भरलं होतं. टिल्लीनं ते घालून सगळा दिवस चौथऱ्यावर काढला.

मग डिझाइनच्या मॅडम बदलल्या. नव्या मॅडम उंच होत्या, बोलायला कमी आणि ऐकायला बऱ्या. पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी फक्त बघितलं. एके दिवशी मास्तर टाचण्या लावत असताना त्यांनी टिल्लीला विचारलं की फक्त तुझ्यासाठी काही शिवायचं म्हटलं, तर तू काय मागशील?

हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. तिच्या तोंडून भसकन निघून गेलं, "लांब कोट. घोट्यापर्यंत."

खोलीत सगळे गालातल्या गालात हसले. ठेंगण्या बाईनं लांब घालू नये, ती त्यात बुडून जाते, हे कोणाला माहीत नव्हतं? मोठी कॉलर नको, मोठी फुलं नको, आडवे पट्टे तर नकोच नको. टिल्लीलाही हे लहानपणापासून पाठ होतं. मॅडमही म्हणाल्या की अवघड आहे. पण त्यांनी मास्तरांना बसवलं आणि सांगितलं, उंच बाईचं माप विसरा, हिच्या खांद्यापासून सुरुवात करा.

तो कोट कितीतरी वेळा उसवला गेला. बाहीचा मुंढा वर घेतला, कंबर वर घेतली, खिसे तिचा हात जिथं आपसूक पडतो तिथं आणले. कॉलर मोठी ठेवली, कारण टिल्लीनं हट्ट धरला. गडद हिरवा रंग. शेवटी एका दुपारी तो तिच्या अंगावर असा बसला की मास्तरांना टाचणी लावायला जागाच सापडेना. टिल्ली आरशासमोर गेली. आरशात एक बाई उभी होती. ती उंच नव्हती आणि लहान मुलगीही नव्हती. टिल्लीला ती आवडली. नंतर पडद्याआड कपडे बदलताना तिला उगाचच रडू आलं आणि ती बराच वेळ तिथंच बसून राहिली.

कोट पाहून मॅडमना उमेद आली. त्याच मापावर विजारी झाल्या, सदरे झाले, एक लांब झगा झाला. वरपर्यंत बोलणी झाली आणि ठरलं की ठेंगण्या बायकांसाठी वेगळा, मोठ्यांसारखा माल काढायचा. टिल्लीनं हे सलूनमध्ये येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी वस्तरा खाली ठेवला आणि गिऱ्हाइकाचा अर्धा गाल साबणात तसाच ठेवून सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकून घेतली.

फोटोंचं काम मार्केटिंगच्या साहेबांकडे होतं. त्यांनी एजन्सीला सांगून छोट्या चणीची मॉडेल बोलावली. ती आली, आणि टिल्लीपेक्षा डोकंभर उंच निघाली. एजन्सीच्या हिशेबात तीच बुटकी होती. कोटाच्या बाह्या तिच्या मनगटाच्या बऱ्याच वर संपल्या, कंबर बरगड्यांवर आली. कोणीतरी म्हणालं, मागून उसवून चिमटे लावू, फोटोत कळत नाही. मास्तर म्हणाले, बाही कुठून आणू? पोरगी बिचारी गुणी होती. पडद्याआड कोट उतरवून टिल्लीच्या हातात देताना तिनं सांगितलं की तिला सगळीकडून बुटकी म्हणून परत पाठवतात, उंच म्हणून परत पाठवायची आजची पहिलीच वेळ. दोघी हसल्या. मग ती पोरगी पिशवी उचलून गेली, आणि जाताना तिचा चेहरा काही हसरा नव्हता.

फोटोग्राफर थांबलेला, दिवे लावलेले, घोडं अडलेलं. मॅडम म्हणाल्या, ज्या अंगावर बेतलंय त्या अंगावरच घालू या. साहेबांनी टिल्लीकडे एक नजर टाकली, घड्याळाकडे एक नजर टाकली आणि बरं म्हणाले.

फोटोग्राफर वाईट माणूस नव्हता. फक्त टिल्लीला बघितल्याबरोबर त्याच्या आवाजात लाड आला. जरा उडी मार बघू, म्हणाला. गाल फुगव. कोणाकडून तरी त्यानं फुगा मागवला. एका उंच स्टुलावर बसवून पाय हलवायला सांगितले. टिल्लीनं सगळं केलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर दिवे होते आणि पुन्हा असतील याची खात्री नव्हती. पण प्रत्येक फोटोनंतर मॅडम मान हलवायच्या. उंच टाचांच्या चपला आल्या, त्या घालून तिचा तोल जायला लागला.

शेवटी टिल्ली म्हणाली, "मी नुसती उभी राहिले तर चालेल का?"

सपाट बूट घालून, एक हात खिशात टाकून ती उभी राहिली. हसली नाही. चौथऱ्यावर इतकी वर्षं उभी राहिलेली बाई, उभं राहणं हेच तर तिचं काम. फोटोग्राफरच्या आवाजातला लाड गेला. संगणकाच्या पडद्यावर तो फोटो आला तेव्हा साहेबसुद्धा जवळ येऊन बघू लागले. मॅडम म्हणाल्या, "हाच."

पुढचे काही आठवडे सलूनमध्ये दुसरा विषय नव्हता. बाबांनी कोणाला सोडलं नाही. लोक म्हणत, मूर्ती लहान पण कीर्ती महान, आणि टिल्ली दात काढून हसायची. हे वाक्य तिनं जन्मात इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातली मूर्ती आणि कीर्ती दोन्ही झिजून गेल्या होत्या. तरी त्या दिवसांत ते तिला गोड लागलं.

दुकानात माल लागला त्या दिवशी बाबांनी सलून बंद ठेवलं. इस्त्रीचा सदरा घातला आणि दोघं बाजारच्या मोठ्या रस्त्यावर गेले. कंपनीच्या दुकानाची दर्शनी काच रस्ताभर पसरलेली होती, आणि त्या काचेमागं खालपासून वरपर्यंत टिल्ली उभी होती.

चेहरा तिचाच. हिरवा कोटही तोच. पण मान लांब झाली होती. गुडघ्यापासून खाली पाय वाढत गेले होते. दंड आटले होते आणि कंबर कोणीतरी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी निमुळती झाली होती. खिशात गेलेला हात मनगटापाशी जरा जास्तच लांबला होता. वीतभर, फार तर थोडं अधिक. इतकं सफाईनं केलेलं की तिला स्वतःला वाटलं, आपण खरंच असं उभं राहिलो होतो की काय? पायाशी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ठेंगण्या बायकांसाठी खास.

तिला वाटलं बाबांच्या ते लक्षात येईल. ती त्यांच्याकडे न बघता वाट बघत राहिली. बाबा मान वर करून बघत होते.

"सगळे म्हणायचे बापावर गेली," ते हळू म्हणाले. "बघ. आईवर गेलीयस तू. इतकी वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही."

टिल्लीनं परत चित्राकडे पाहिलं. बाबांचं खोटं नव्हतं. ती उंच मान, तो चेहरा. घरातल्या चौकटीतली आई जरा जाड कोट घालून उभी राहिली असती तर अशीच दिसली असती. हे खरं नाही, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? बाबांनी रुमालानं डोळे टिपले आणि रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी माणसाला थांबवून सांगितलं की ही माझी मुलगी. त्या माणसानं काचेतल्या बाईकडे पाहिलं, बाबांशेजारच्या टिल्लीकडे पाहिलं आणि हो का म्हणून तो पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली. भांडायला नव्हे, भांडण तिच्या स्वभावातच नव्हतं. तिनं विचारलं की हे कोणी केलं. मॅडमनी साहेबांना बोलावून घेतलं. साहेब मुळीच चिडले नाहीत, उलट त्यांनी तिला खुर्ची दिली. समजावून सांगितलं की फोटो जसाच्या तसा कोणाचाच लावत नाहीत, उंच पोरींचेही ताणतात, यात तुझा काही कमीपणा नाही. मग ते म्हणाले की त्यांनी दोन्ही फोटो काही बायकांना दाखवले होते, मुद्दाम ठेंगण्या बायकांनाच. सगळ्यांनी हाच निवडला.

"बुटक्या बाईला बुटकी बाई बघायची नसते," साहेब म्हणाले. "माझ्या मनचं नाही सांगत. त्यांनीच सांगितलं."

टिल्ली म्हणाली, पण कोट तर बुटक्या बाईवर कसा दिसतो तेच दाखवायचं होतं ना?

साहेबांनी मान हलवली. मुद्दा बरोबर आहे, म्हणाले, पण मुद्द्यानं माल खपत नाही. ते गेल्यावर मॅडमनी दार लोटलं आणि पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे खरा, उजवीकडे ताणलेला. त्यांनी विचारलं, "तू मला खरं सांग. कोणता छान दिसतोय?"

टिल्लीनं डावीकडे बघायचं ठरवूनच डोळे वर केले. आणि तिची नजर उजवीकडे गेली. तिनं ती ओढून परत आणली, ती परत गेली. डावीकडची बाई तिला आता आखूड वाटायला लागली, कोणीतरी वरून दाबल्यासारखी. त्या दुपारी आरशात हीच बाई दिसली होती आणि तिला आवडली होती. मधे काय झालं? काहीच नाही, फक्त शेजारी दुसरी आली होती.

"सांग ना," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनाही बहुधा उत्तर हवं होतं.

"मला नाही सांगता येत," टिल्ली म्हणाली.

मॅडमनी पडदा बंद केला. त्या म्हणाल्या की मी बोलले होते, माझं चाललं नाही, पुढच्या वेळी बघू. टिल्ली चौथऱ्यावर परत गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मास्तरांना सांगून काय होणार होतं, आणि घरी सांगायची तर सोयच राहिली नव्हती.

तरी तिला एक आशा होती. चित्र कसंही असो, कोट तर खरा होता. एखादी बाई तो अंगात घालेल, खांदा खांद्यावर बसेल आणि तिला कळेल. सुट्टीच्या दिवशी ती एकटीच त्या दुकानात गेली आणि हिरव्या कोटांच्या रांगेजवळ उगाच रेंगाळली.

बऱ्याच वेळानं एक बाई आली. पन्नाशीच्या पुढची, टिल्लीएवढीच, कदाचित बोटभर कमी. हातात भाजीची पिशवी. तिनं कोटाच्या कापडावरून हात फिरवला, बाही उचलून पाहिली, हँगरसकट अंगाला लावला. मग समोरच्या खांबावर लावलेल्या चित्राकडे नजर गेली, आतही सगळीकडे तेच चित्र होतं, आणि तिनं कोट परत लटकवला.

टिल्लीला राहवलं नाही. ती म्हणाली, घालून तरी बघा, आपल्या मापाचाच आहे.

बाई तिच्याकडे बघून आपलेपणानं हसली. एक ठेंगणी दुसरीला बघून हसते तसं. "अहो, ते सगळं लिहायला. त्या पोरीची उंची बघा. तिला घोट्यापर्यंत येतोय म्हणजे आपण रस्ता झाडत जाणार."

"तो फोटो माझाच आहे," टिल्ली म्हणाली.

बाईनं चित्राकडे पाहिलं. टिल्लीकडे पाहिलं. परत चित्राकडे. तिचं हसू गेलं नाही, पण त्यात कींव मिसळली, आणि टिल्लीला ती चांगली ओळखू आली.

"चेहरा आहे हं तसा," बाई समजुतीनं म्हणाली. "बहीण का तुमची?"

दुकानात दिवे फार होते. टिल्लीच्या मनात आलं, कोट घालून दाखवावा, इथंच, हिच्यासमोर. तिचा हात हँगरपर्यंत गेलाही. पण घालून काय सिद्ध होणार होतं? कोट तिला बसला असता, आणि ती चित्रातली नाही हे आणखी पक्कं झालं असतं.

"हो," ती म्हणाली. "थोरली."

"असतं एकेकाचं नशीब," बाई म्हणाली आणि पिशवी सावरत मुलांच्या कपड्यांच्या बाजूला गेली. मुलींच्या मापात तिला काही ना काही मिळतंच, असं जाता जाता तिनं सांगितलं.

माल खपला नाही. ज्या उंच बायकांना चित्र बघून कोट आवडला त्यांना तो झाला नाही, त्यांनी बाह्यांवरून दुकानदाराशी हुज्जत घातली. ज्यांना झाला असता त्यांनी घालून पाहिला नाही. हिवाळा संपायच्या आत सगळं उरलेलं सामान कोपऱ्यातल्या ढिगात गेलं. कंपनीत बैठक झाली. टिल्ली त्या बैठकीत नव्हती. मास्तरांनी तिला नंतर सांगितलं की साहेबांनी फार वेळ घेतला नाही. एवढं करूनही ठेंगण्या बायका विकत घेत नाहीत, तेव्हा त्यांना नकोच आहे, असं ठरलं. चित्राबद्दल कोणी बोललं का, असं टिल्लीनं विचारलं. मास्तर म्हणाले, चित्राचं सगळ्यांनी कौतुकच केलं.

मॅडम दुसऱ्या खात्यात गेल्या. जाताना त्यांनी टिल्लीचे दोन्ही हात हातात घेतले. कामाची रीत पूर्वीसारखी झाली. उंच बाईचा नमुना यायचा, मास्तर खालून कापायचे. पहिल्या दिवशी टिल्लीनं सांगितलं की खांदा उतरतोय. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. त्यानंतर कधीतरी मास्तरांनी सवयीनं विचारलं, कुठं ओढतंय का, आणि ती नाही म्हणाली. मास्तरांनी टाचण्या डबीत टाकल्या. काम लवकर उरकलं म्हणून त्यांना बरंच वाटलं.

दुकानाच्या काचेतलं मोठं चित्र काढलं, त्याच्या छोट्या प्रती फेकून द्यायच्या होत्या. बाबांनी स्वतः जाऊन एक मागून आणली. तिला चौकट केली आणि सलूनमध्ये अशी लावली की दोन्ही खुर्च्यांवरच्या माणसांना समोरच्या आरशात ती दिसावी. टिल्लीनं एकदा चाचरत सुचवलं की ती वर घरात लावू. बाबा म्हणाले, घरात कोण बघणार?

त्यानंतर ती सलूनमध्ये गिऱ्हाईक असताना जायची टाळू लागली. संध्याकाळी दुकान रिकामं झालं की खाली उतरायची आणि बाबांना झाडलोट करू लागायची. एका संध्याकाळी ती उतरली तेव्हा बाबा फार खुशीत होते. कात्र्या पुसता पुसता त्यांनी सांगितलं की आज एक नवीन माणूस आला होता, त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती, शाळेतली. पोरीची उंची वाढत नाही म्हणून बापाच्या जिवाला घोर. वर्गात सगळ्यात पुढं उभी करतात, चिडवतात. माणूस खुर्चीत बसला आणि त्याचं लक्ष आरशातल्या चित्राकडे गेलं. बाबांनी सांगितलं, ही माझी मुलगी. माणसानं बाबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्याचा विश्वासच बसेना.

"मग विचारायला लागला, काय खायला घालत होता, कुठला व्यायाम करून घेतला," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, धीर धरा. आमचीही लहानपणी अशीच होती. दूध द्या, लोंबकळायला सांगा, झोप भरपूर. वेळ आली की वाढते."

टिल्ली हातात झाडू धरून उभी होती. तिचं डोकं बाबांच्या डोक्याच्या बरोबरीनं होतं. आरशात दोघं शेजारी शेजारी दिसत होते.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही असं सांगितलंत?"

"अगं, त्याला बरं वाटलं. जाताना माझा हात धरला त्यानं." बाबांनी कात्र्या ओळीनं फडक्यावर ठेवल्या. त्यांना यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद तिनं गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"आणि ती मुलगी? ती काही बोलली?"

"छे. ती कुठली बोलतेय. सगळा वेळ त्या चित्राकडेच बघत बसली होती." बाबा दिव्याच्या बटणापाशी गेले आणि मागं वळून म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत घेऊन येतो म्हणालाय. तू घरी असशील तर ये खाली. तिला जरा दोन शब्द सांग."

टिल्लीनं केस गोळा केले. कोपऱ्यातले राहिले होते, तेही ओढून आणले. मग ती बरं म्हणाली.